हजेरी शेतात

स्मरणिकेत सहलींवर आणि गॅदरिंगवर इतर जण लिहितीलच. मी 1975 च्या पावसाळ्याबद्दल लिहितो. तेव्हा मी सातवीत होतो.

महाड तालुक्यातल्या आमच्या वाडीला रस्ता नव्हता. मिरगाची पहिली सर पडून गेली, आणि आमच्या वर्गातल्या एका मुलाला पडवीतली फाटी काढताना लाल विंचू डसला. घटकाभरात सदरा घामाने निथळायला लागला, हातपाय बर्फासारखे गार. भगत आला, त्याने त्याच्या परीने केलं. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही, त्या काळी दवाखान्यातही विंचवावर धड इलाज नव्हता. घोंगडीची डोली करून बाप्यांनी रात्रीच महाडची वाट धरली. अर्ध्या वाटेवरून परत फिरावं लागलं.

त्याचे वडील मुंबईला गिरणीत. तार मिळून ते पोचेस्तोवर माती देऊन झाली होती. खाडे परवडणारे नव्हते, दिवसकार्य उरकून ते पुन्हा यष्टीत बसले. घरात आई आणि म्हातारी. चूल पेटेना, तर शेजारून आळीपाळीने पेज जायची. आई जेवत नसे. आमची आजी समोर बसून राही, एक शब्द न बोलता, ताटली रिकामी होईपर्यंत.

राबातलं आवण, म्हणजे भाताची रोपं, लावणीला आलं, तरी त्याची आई उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. आमच्याकडे सावड असते: तुम्ही माझ्या शेतात या, मी तुमच्यात येतो, दिवसाला दिवस फेडायचा. देवळात बैठक बसली आणि ठरलं, आधी तिचं शेत लावायचं आणि ही सावड फेडून घ्यायची नाही. ज्यांच्या स्वतःच्या घरात भाताचा कणगा तळाला गेला होता, त्यांनी हे ठरवलं.

गुरुजी दुसऱ्या दिवशी हजेरीपट काखेत मारून, डोक्यावर इरलं घेऊन आम्हाला सरळ शेतावर घेऊन गेले. बांधावर उभं राहून हजेरी घेतली. (आज असं केलं तर खुलासा द्यावा लागेल.) मोठी माणसं लावत होती, आम्ही आवणाच्या मुठी पोचवत होतो. मुलाचं नाव गुरुजींनी पुकारलं नाही, पण त्या जागी थोडे थांबले, हे आम्हा सगळ्यांना कळलं.

पुढे बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर आले. विंचवाच्या विषाने हृदयावर काय होतं, ते त्यांनी रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसून अभ्यासलं. रक्तदाबावरची प्राझोसिनची साधी गोळी त्यावर चालते, हे त्यांनी दाखवलं आणि कोकणातली शेकडो पोरं वाचली. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा वाडीत पेढे वाटले गेले. तोवर त्या पोराची आई राहिली नव्हती.

सावड फेडायची नाही, हे तिने मात्र कधीच मानलं नाही. पुढच्याच वर्षापासून ती लावणीला घरोघर जायची, बोलावलं नसलं तरी. आमच्या शेतातही यायची. आजी तिला नको म्हणायची नाही, फक्त भाकरी जास्तीची थापायची.