सुप्याच्या माळावर तरवडाचा बहर

पुणे जिल्ह्यातील सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात लोक सहसा चिंकारे पाहायला जातात. आम्ही ऑक्टोबरच्या अखेरीस गेलो ते तरवड या पिवळ्या फुलांच्या रानझुडपाचा बहर पाहण्यासाठी. पुण्याहून सासवड, जेजुरी आणि मोरगाव असा रस्ता धरला की पर्जन्यछायेचा मुरमाड प्रदेश सुरू होतो आणि सुप्याच्या अलीकडेच रस्त्याकडेची पिवळी झुडपे दिसू लागतात. अभयारण्याचे क्षेत्र जेमतेम 5.14 चौरस किलोमीटर असून त्यात गवताळ माळ अधिक आहे. आमच्या मते तरवडाची दाट झुडपे कुंपणाबाहेरच्या पडीक जमिनीवर आणि बांधांवर अधिक चांगली पाहता येतात, कारण गुरे-शेळ्या या झुडपाला फारसे तोंड लावत नाहीत आणि आजूबाजूचे सारे चरून संपले तरी ते टिकून राहते. मात्र शेतात शिरण्यापूर्वी मालकाला विचारावे.

फुलाजवळ थोडा वेळ थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. तरवडाच्या फुलात मध नसतो, केवळ पराग असतात आणि तेही टोकाशी बारीक छिद्र असलेल्या परागकोशांत बंद असतात. मोठा काळा भुंगा फुलाला घट्ट धरून पंखांचे स्नायू थरथरवतो, तेव्हा ते पराग बाहेर उडतात. त्या वेळी गुणगुणण्याचा स्वर एकदम चढतो, तो लक्ष दिल्यास सहज ऐकू येतो. ओळख पटवण्यासाठी पानाच्या देठाशी असलेली कानाच्या पाळीसारखी मोठी उपपर्णे पाहावीत. टाकळा या रानटी तणाची फुलेही पिवळी असली, तरी त्याला अशी उपपर्णे नसतात. जुन्या झुडपांच्या साली कुठे सोललेल्या दिसल्या, तर त्यामागे कातडी कमावण्याचा जुना व्यवसाय असू शकतो, कारण या सालीत टॅनिन हे कातडी कमावण्यासाठी लागणारे तुरट द्रव्य भरपूर असते.

निघताना पहाटेची वेळ साधावी, कारण दहानंतर माळावर सावली जवळजवळ मिळत नाही. पाणी सोबत न्यावे. या दिवसांत कुसळी गवत पिकलेले असते आणि त्याची कुसळे सुती मोज्यांत रुतून बसतात. म्हणून जाड कापडाची पूर्ण विजार आणि घोट्यावर येणारे बूट घालावेत. अभयारण्यात फूल किंवा शेंग तोडणे कायद्याने निषिद्ध आहे. बी हवे असल्यास हिवाळ्यात रस्त्याकडेच्या वाळलेल्या, चपट्या शेंगांतून ते मिळते.