पाटील अनंत झाला

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण मोबाइलवर आलं आणि डोळ्यांपुढं आली ती जिन्याखालची कॉम्प्युटरची खोली. आणि सर. कोणते, हे आपल्या शाळेत कुणाला सांगायला नको.

१९९२. रौप्यमहोत्सवाच्या देणगीदारांची यादी सरांनी स्वतः वर्डस्टार या लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये इंग्रजीत टाइप केलेली. हार्ड डिस्क नव्हतीच; ए ड्राइव्हला कॉम्प्युटर चालवणाऱ्या डॉसची फ्लॉपी, बी ड्राइव्हला आमच्या सतरा फाइली. खानापूरचे एक पाटील आले नि म्हणाले, "माझे एक्कावन्न रुपये कुठं लिहिलाय, दाखवा की!" शोधायचं काम माझ्याकडं.

डॉसच्या 'फाइंड'ला, म्हणजे शब्द शोधायच्या आज्ञेला, 'सगळ्या फाइली' सांगणारं तारांकन (*) फाइलीच्या नावात चालायचं नाही. म्हणून सरांनी 'फॉर' ही आज्ञा लावून एकेक फाइल त्याच्या पुढ्यात सरकवायला शिकवलं होतं. 'फाइंड' डॉसच्या फ्लॉपीवर, म्हणून दर फाइलीला ए ड्राइव्ह नव्यानं कुरकुरायचा. पडद्यावर रेघा, फाइलीचं नाव, खाली रिकामं. सतराही वेळा. आधी मी पाटलांचा 'पी' लहान लिहिला होता, 'फाइंड'ला लहान-मोठं अक्षर वेगळं. तो सुधारला तरी तेच. "आपल्या भागात पाटील नाही म्हणतंय!" शिपाईमामा खो खो हसले.

सरांनी 'टाइप' ही आज्ञा देऊन फाइल पडद्यावर आणली. पी, ए, टी, आय... आणि एलच्या जागी चक्क ∞. सर क्षणभर बघत राहिले, मग म्हणाले, "अरे, पाटील अनंत झाला की रे!"

तेवढ्यात वीज गेली. सरांनी मेणबत्तीच्या उजेडात फरशीवर खडूनं मांडलं: कॉम्प्युटरच्या लेखी लहान एलचा आकडा १०८. परिच्छेद जुळवताना वर्डस्टार शब्दाच्या शेवटच्या अक्षरात १२८ मिळवून ठेवतं, शब्द इथं संपला ही त्याची खूण. झाले २३६, आणि त्या घरात कॉम्प्युटरनं ∞ बसवलेलं. "मग शेवटचं अक्षर सोडूनच शोध की." वीज आल्यावर 'Pati' एवढंच टाकलं. पाटलांची रांग लागली, त्यात खानापूरचेही, एक्कावन्न रुपयांसकट. दहावीच्या एसएसएलसीला मला गणितात किती पडले ते विसरलो, फरशीवरचा २३६ नाही.

आज पुण्यात माझं कामच शोधण्याचं आहे. शेकडो सर्व्हरच्या नोंदींतून एक चूक हुडकून काढायची. गेल्या वर्षी कंपनीत त्यासाठी सत्कार झाला, तेव्हा सरांचं नाव घ्यायला हवं होतं, घेतलं नाही. २०१४ च्या नोव्हेंबरपासून आपल्या बेळगावचं नावही Belgaum आणि Belagavi अशा दोन स्पेलिंगांनी शोधावं लागतं, ते वेगळंच. आणि ती खोली? मागे येऊन बघितली. मोडक्या बाकांनी भरलीय.

निमंत्रणासोबत यंदाच्या देणगीदारांची पीडीएफ आली आहे. त्यात सरांचं नाव शोधलं. शून्य. सवयीनं शेवटचं अक्षर सोडलं, तरी शून्य. जुन्या फॉन्टात टाइप केलीय, त्यात काहीच सापडत नाही. शेवटी बोट फिरवत ओळ न् ओळ वाचली. सर नवव्या पानावर आहेत. समितीनं स्मरणिका तरी युनिकोडमध्ये, म्हणजे शोधता येईल अशा अक्षरांत, करावी.