संप कवा मिटला?

“संप मिटला? कवा?”

आबा खाटेवर उठून बसले, तेव्हा तिसाव्या प्रकरणाचं कार्ड माझ्या हातात होतं. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. चटईवर कादंबरीची अडतीस कार्डं मांडलेली, एका बाजूला कादंबरीची लेखिका, म्हणजे ताई, दुसऱ्या बाजूला मी. आबा लेखिकेचे वडील, वय शहाऐंशी, कापड गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, सव्वीस वर्षं काढलेले. ते झोपलेत असं समजून मी कार्ड मोठ्याने वाचलं होतं : करार होतो, भोंगा वाजतो, कामगार गुलाल उधळत गेटातून आत जातात.

“मला कुनी सांगितलंच न्हाई,” आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. कुणाकडून तरी निरोप द्यायचा राहून गेला असावा, असं ते बोलले.

सतरा वर्षं मी कादंबऱ्यांचं संपादन करते. त्या दुपारी त्यांच्या नजरेला नजर देणं मला जमलं नाही, कारण ते कार्ड ताईंचं नव्हतं. ते मी आणलं होतं.

ताईंची संहिता पहिल्या वाचनातच मला आवडली होती. पहाटेची गर्दी, खानावळीत ताटाला ताट लावून जेवणारी माणसं, मागावरच्या धोट्याच्या भोकातून तोंडाने धागा ओढणारे विणकर, हे सगळं तिने घरात ऐकून लिहिलेलं, आणि ते कळत होतं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू होतो, अडीच लाखांच्या आसपास माणसं कामगार नेते डॉक्टर दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडतात, तिथवर पुस्तक धावतं. मग ८३, ८४, ८५ ची तीन प्रकरणं येतात आणि काहीच घडत नाही. माणसं वाट बघतात. भांडी मोडीत जातात. पुन्हा वाट बघतात. वाचक इथे पुस्तक खाली ठेवणार, ही धास्ती मला होती.

कथानक बांधायच्या ठरलेल्या पद्धती मी वापरते आणि त्यांची मला लाज वाटत नाही. पाव भागात मांडणी, अर्ध्या भागात संघर्ष, उरलेल्या पावात उलगडा, हा तीन अंकांचा हिशेब अडलेल्या लेखकाला खरंच हात देतो. फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ मध्ये नाटकाचा चढ-उतार मांडला, तोही मी नवोदितांना कागदावर काढून दाखवते. यावेळी ताईंची परवानगी घेऊन पूर्ण संहिता एका एआय साधनाला वाचायला दिली. एक काम त्याने फार चोख केलं. चौथ्या प्रकरणात एकोणीस वर्षांचा असलेला बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतलेला, अकराव्यात सत्तावीसचा झाला होता, मधे वर्षं मात्र चारच गेलेली. एकाच साली दोनदा गणपती बसले होते. हे शोधायला मला आठवडा लागला असता, इथे अर्ध्या तासात यादी हातात आली. त्याच विश्वासाने मी पुढचा प्रश्न विचारला : मधला भाग ढिला पडतोय, काय करू?

उत्तर सफाईदार होतं. तिन्ही प्रकरणं एकत्र करा आणि तिसाव्यात निर्णायक वळण आणा. वळणही तयार होतं, गुलालासकट.

खरं तर संप मागे घेतल्याची अधिकृत घोषणा कधी झालीच नाही. १९८३ मध्ये सरकारने मुंबईतल्या तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. काही गिरण्या कमी माणसांवर सुरू झाल्या, काही झाल्याच नाहीत. डॉक्टर १९८४ मध्ये खासदार झाले, १९९७ च्या जानेवारीत त्यांचा खून झाला. मला हे ठाऊक होतं. तरी कादंबरीला एवढी मोकळीक असते, असं म्हणून मी ते कार्ड चटईवर ठेवलं. यंत्राने लबाडी केली, असं मी म्हणणार नाही. जिथे जागा रिकामी दिसेल तिथे बहुतेक गोष्टींत जे घडतं ते ठेवायचं, हा त्याचा धर्म. जागा रिकामी का आहे, हे विचारणं माझं काम होतं.

आबा सावकाश बोलत होते. गिरणीचा भोंगा बंद झाला तरी पाचला जाग यायची. ताईची आई सवयीने डबा भरायची. सातच्या पाळीला निघाल्यासारखे ते डबा घेऊन निघायचे, गेटासमोरच्या फुटपाथवर बसून खायचे आणि साडेतीनला घरी. किती महिने? “मोजलं न्हाईत. मोजलं असतं तर सपलं असतं.”

ताई पेन खाली ठेवून ऐकत होती. हे तिलाही नवीन होतं.

मी तिसावं कार्ड उचलून पर्समध्ये टाकलं. मग आम्ही दोघींनी सगळी मांडणी मोडली. अंक काढून टाकले आणि कार्डं तारखांप्रमाणे लावली. संपाच्या सुरुवातीला एक प्रकरण म्हणजे एक दिवस. पुढे एक आठवडा, मग एक महिना, मग अख्खं वर्ष. पानंही तशीच कमी होत जाणारी. ८५ चं प्रकरण दोनच पानांचं, त्यात फुटपाथ आणि डबा. ढिला वाटणारा भाग घट्ट झाला नाही, विरळ झाला, आणि तो विरळच हवा होता.

निघण्याआधी फोनवर त्या साधनाला शेवटचं एक काम दिलं. काहीही सुचवू नकोस, फक्त सांग, कोणती पात्रं कारण न देता नाहीशी होतात? सात निघाली. वर शेरा होता : अपूर्ण धागे, शेवट देणे आवश्यक.

ताईने सगळ्यांची नावं बदलली होती, म्हणून मी वर्णनं वाचली. भजनात पखवाज वाजवणारा.

“गावाला गेला. कराडकडं. शेळ्या राखायचा.”

खानावळीतली मावशी.

“तिचं लोकांनी पैसं बुडवलं. मी बी बुडवलं. पोरीकडं गेली डोंबिवलीला.”

तिसऱ्या पाळीचा जॉबर, म्हणजे मुकादम.

“मुलुंडला वॉचमन. बिल्डिंगीत.”

ताई भराभर लिहून घेत होती. चौथं वर्णन होतं एका बदली कामगाराचं, उसना सदरा घालून लग्नाला उभा राहिलेला, तोच ज्याचं वय चुकलं होतं.

आबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत घातला.

“त्यो सदरा माझा व्हता,” ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “फुडं वाच.”