नोंद ७ : एका ‘दचकलो’नं घात केला

आम्ही ऑनलाइन एकेक पात्र घेऊन, त्याच्या तोंडून पोस्ट लिहीत गोष्ट खेळतो. त्यात अकरा पोस्ट जपून नेले आणि बाराव्या पोस्टला माती खाल्ली. तीही एका शब्दात. म्हणून ही नोंद ठरल्यापेक्षा आधी टाकतोय. काल रात्री जे झालं ते ताजं असतानाच लिहायचंय.

नोंद ६ मध्ये म्हटलं होतं की लाल डब्याच्या खेळात मी बिगर-आरक्षण चढणार. म्हणजे शीट (पात्राची माहिती आधीच लिहून देणं) नाही, बायो नाही, ओओसीमध्ये (खेळाबाहेरच्या गप्पांत) ‘माझं पात्र असं असं आहे’ नाही. खेळ चालवणाऱ्या सूत्रधारालाही फक्त सीट नंबर सांगायचा. बाकी जे कळायचं ते आयसीमध्येच, म्हणजे पात्राच्या तोंडूनच कळेल. कारण तुम्हाला माहीत आहेच (नोंद ५ मधला वाड्याचा खेळ आठवा). तिथे माझ्या शीटमध्ये ‘निवृत्त कंपाउंडर’ एवढे दोनच शब्द होते, आणि दुसऱ्याच दिवशी तिघांच्या छातीत कळ आली. ज्यांची माझी गाठही पडली नव्हती ते थेट माझ्या दारात. मेटागेमिंग (खेळाडूला बाहेरून कळलेलं पात्रानं वापरणं) म्हणावं तर म्हणे योगायोग.

नव्यांसाठी थोडक्यात: कोल्हापूर–सावंतवाडी रात्रीची एसटी, १९८० च्या दशकातला जुलै, आंबोली घाटात दरड, गाडी अडकलेली. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे सूत्रधाराला दरडीसाठी वेगळं कारण शोधावं लागलं नाही. सूत्रधार स्वतः कंडक्टर. सीट ९ वर दिवस भरत आलेली बाई. आणि सीट १४ वर मी, म्हणजे एक म्हातारी सुईण. हे सुईणपण कोणालाच माहीत नव्हतं, सगळी गंमत त्यातच होती. ‘१४ मध्ये सुईण आहे’ हे आधी कळलं असतं तर सीट ९ ला आजऱ्यातच कळा सुरू झाल्या असत्या. नुसती ‘म्हातारी बाई’ म्हणून कळलं असतं तरी ‘आजी, जरा बघा हो हिच्याकडे’ ठरलेलं. म्हणून ती बाई आहे हेही काही काळ झाकून ठेवायचं होतं.

आणि इथेच मराठी आडवी आली.

इंग्रजीवाल्यांना हे दुखणं नाही. तिकडे ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ एकच. तरीसुद्धा ‘ही’ आणि ‘शी’मधून सुटायला त्यांनी लॅम्डामू या १९९० च्या मजकुरी जगात पुरुष की बाई ते न सांगणारी स्पिवाक सर्वनामं दिली होती, हवी तर लावा. आपल्याकडे सर्वनाम बदलून काय होणार? क्रियापदाची शेपटीच सगळं ओकून टाकते. शीट द्यायची नाही असं कितीही ठरवा, पहिल्या ‘बसलो’ला अर्धी शीट बाहेर.

पहिले चार पोस्ट मी अवयवांवर काढले. तृतीयपुरुषी लिहायचं, पण कर्ता माणूस नाही, त्याचा हात. ‘घोंगडीतून एक हात बाहेर आला. हातानं सुटे पैसे पुढे केले. नजर खिडकीकडे वळली.’ मला हे फार सूचक वगैरे वाटत होतं. ओओसीमध्ये कुणीतरी विचारलं, ‘१४ वर प्रवासी बसलाय की खाटकाचं दुकान मांडलंय?’ तिथेच ते बंद केलं.

मग प्रथमपुरुष, आणि इथे एक खरंच मजेशीर गोष्ट सापडली. ‘मी खिडकी लावली’, ‘मी पाणी मागितलं’, ‘मी गाठोडं उचललं’. यात बोलणारा पुरुष की बाई, काही कळत नाही, क्रियापद खिडकीच्या नाहीतर पाण्याच्या मागे जातं. शाळेत कर्मणी प्रयोग शिकताना कधी वाटलं नव्हतं की हा पुढे लपायला कामाला येईल. ‘मला थंडी वाजत होती’, ‘मला उतरायचंय’ हेही चालतं. भविष्यकाळ तर सगळाच मोकळा: जाईन, बसेन, बघेन. ‘मी म्हटलं’ चालतं, ‘मी म्हणाले’ नाही. आणि खड्डेही आहेत: ‘मी चहा प्यालो’, ‘मी विसरलो’. कर्म आहे म्हणून बेफिकीर राहावं तर ही दोन क्रियापदं कर्त्याच्याच मागे जातात. दोन्ही मी कच्च्या मसुद्यात पकडली. (‘आम्ही आलो’ही सुरक्षित आहे, पण लाल डब्यात कुणी ‘आम्ही आलो’ म्हणालं तर मागून भालदार-चोपदार येणार असं वाटतं.)

याचा एक परिणाम मी ठरवला नव्हता. उठणं, बसणं, हसणं, घाबरणं ही सगळी क्रियापदं बंद, त्यामुळे सात पोस्टमध्ये ही बाई एकदाही हसली नाही, घाबरली नाही. ती फक्त कामं करत राहिली. खिडकी लावली, गळणाऱ्या छपराखाली डबा ठेवला, पोराच्या हातात लिमलेटची गोळी दिली. अबोल, कामसू, थोडी भीती वाटावी अशी. कंडक्टरनं एका पोस्टमध्ये लिहिलं की १४ कडे बघून त्याला आपण उगाच बडबडतोय असं वाटायला लागलं. इतकं नेमकं पात्र शीट लिहून मला कधी जमलं नसतं. त्या रात्री मी स्वतःवर भलताच खूश होतो.

दुसऱ्याच दिवशी बारावा पोस्ट. टपावर दगड पडला. सगळ्यांनी भराभर टाकलं, मीही लोकलमध्ये उभ्या उभ्या, एका हातानं. “बापरे! केवढ्यानं दचक” इतकं लिहिलं आणि पुढचं कीबोर्डनं सुचवलं. वर्षानुवर्षं मी ‘आलो, गेलो, दमलो’ लिहीत आलोय, त्याला तेच माहीत. दाबलं, पाठवलं. “बापरे! केवढ्यानं दचकलो मी!”

निवेदनात असतं तर गुपचूप गिळलं असतं. पण हे अवतरणात होतं. मोठ्यानं, भर गाडीत. दुरुस्त करेपर्यंत दोघांनी त्यावर पोस्ट टाकले होते, आणि खेळून गेलेलं मागे जाऊन पुसणं मला बरोबर वाटत नाही. पात्राच्या तोंडून निघालं ते निघालं.

एक सल्ला जाता जाता: पात्रासाठी फोनवर वेगळा कीबोर्ड ठेवा, सूचना बंद करून. मी आता तेच केलंय. आणि पोस्ट आधी नोट्समध्ये लिहा. तसंही मोजावं लागतंच, कारण टपरबॉक्समधून (डिस्कॉर्डवरचा बॉट) पात्राच्या नावानं जाणाऱ्या पोस्टला २००० अक्षरांची मर्यादा आहे आणि आपली जोडाक्षरं तिथे सुटी करून मोजली जातात. ‘स्त्री’ डोळ्याला एक अक्षर, मोजणीत सहा. बाकी टपरबॉक्सबद्दल माझी काही तक्रार नाही. ‘सीट १४’ हे नाव आणि फाटक्या सीटचा फोटो एवढ्यावर त्यानं मला महिनाभर निभावून नेलं. इतरांनीही मग आपापली नावं काढून सीट नंबर लावले, हे विशेष.

तर, ‘दचकलो’नंतर मी नऊ दिवस ‘बाबा’ होतो. सीट ९ नं पदर सावरून कंडक्टरला सांगितलं, “त्या बाबांना जरा पुढं बसवा हो.” म्हणजे गाडीतली एकमेव सुईण बाळंतिणीपासून उठवून ड्रायव्हरच्या केबिनकडे पाठवली. वर दरड बघायला पुरुष मंडळी उतरली त्यात मला धरलं. ती बिचारी म्हातारी पावसात टिकाव घेऊन उभी. मी ओओसीमध्ये एक शब्द बोललो नाही, पण जेवताना घरचे विचारायला लागले, काय झालंय.

चूक आणखी वाढू नये म्हणून तेव्हा मालवणीत शिरलो. आमच्या घरात आजी आणि आजोबा दोघंही ‘मी जातंय’, ‘मी करतंय’च म्हणायचे. कानात इतकं मुरलेलं की त्यात लिंग दिसत नाही हे कधी लक्षातच आलं नव्हतं. “मी बघतंय”, “मी हय आसंय” लिहून बघितलं, आणि हायसं वाटलं! सात पोस्ट कर्मणीच्या कुबड्या घेऊन चाललो, आणि रस्ता आजीच्या तोंडात होता. यात कोकण उघडं पडतं हे मान्य. पण गाडीच सावंतवाडीची, तेवढं चालतं.

आता कालची रात्र. सीट ९ ला कळा लागल्या. मी मागे आलो. “बाजूक सरा. मी बघतंय.” कंडक्टर आडवा, “ओ बाबा, तिकडं बायका आहेत.” माझ्याकडे दोनच वाटा होत्या. ‘मी बाई आहे’ असं म्हणायचं, म्हणजे नऊ दिवसांची सगळ्यांची मेहनत खोटी पाडायची. किंवा गप्प बसायचं. मी लिहिलं: ‘मी डोक्यावरची घोंगडी मागे केली.’ कर्मणी, सवयीनं. आणि थांबलो.

मग सीट २२ चा पोस्ट आला.

“बाबा कुठलं, आजी हाईत की! दचकलो म्हणाल्या म्हणून बाबा व्हय? आमच्या कोल्हापूरकडं बायाबी आलो-गेलोच म्हणत्यात. व्हय वो आजी, आमच्याकडच्याच न्हवं तुमी?”

मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली. माझी चूक एका वाक्यात २२ नं पुरावा करून टाकली. मी एवढंच लिहिलं, “माहेर गडहिंग्लजचं.” हे त्या क्षणापर्यंत मलाही माहीत नव्हतं. माझ्या वहीत ती सावंतवाडीजवळचीच होती, जन्मानं आणि लग्नानं. शीट टाकली असती तर ‘जन्मगाव’ समोर लिहिलेलं असतं आणि २२ ला हे करताच आलं नसतं. आता तिचं सासर कोकणात, माहेर घाटावर, म्हणून घाबरली की माहेरचं बोलते आणि काम करताना सासरचं. हे मी आयुष्यात ठरवून लिहिलं नसतं.

इथे दशावताराची आठवण येणारच. आमच्याकडच्या जत्रेत लेखी संहिता नसते, आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात आणि पुढचं बोलणं उभ्या उभ्या. मी आपल्या खेळाला नेहमी त्याची उपमा द्यायचो. आता वाटतं ती थोडी चुकीची आहे. तिथे समोर रुक्मिणी आली की ती रुक्मिणी हे सगळ्यांना माहीत असतं, आत पुरुष आहे हेही. आपण तेवढंही देत नाही.

पुढचा बेत असा होता की सुरक्षित क्रियापदांचा तक्ता करून इथे टाकायचा. अर्धा झालाही आहे. पण वरचा परिच्छेद लिहिताना २२ चे जुने पोस्ट शोधायला मागे गेलो, आणि पहिलाच पोस्ट: “आजऱ्याला चढलो. गर्दीत चप्पल तुटली.” पुढे सगळीकडे आलो, बसलो, दमलो. मी महिनाभर २२ ला पुरुष धरून चाललोय! केबिनमध्ये बिडी पुढे केलीय. ओओसीमध्ये दोनदा ‘दादा’ म्हटलंय. आणि कालचं ‘आमच्या कोल्हापूरकडं बायाबी’ हे २२ नं माझ्यासाठी लिहिलं की स्वतःबद्दल, आता सांगता येत नाही. विचारणार नाही. ‘कालच्यासाठी मनापासून थँक्यू’ एवढं पाठवलं, ‘दादा’ न लावता.

मग तक्ता राहू दे. त्यापेक्षा पुढच्या खेळात प्रत्येकानं आपल्या घरची बोली घेऊन चढायचं, असं सूत्रधाराला सुचवतोय. वऱ्हाडी, अहिराणी, जे असेल ते. कुणाच्या बोलीत काय झाकलं जातं आणि काय उघडं पडतं ते तरी कळेल. पुणेरीवाल्यांचं काय करायचं, बघू.

उद्या रात्री माझा नंबर. कंडक्टरनं बॅटरी धरलीय, २२ नं स्टोव्ह पेटवलाय, सीट ९ नं माझा हात घट्ट पकडून नाव विचारलंय, आणि बाईला अजून मी नावच दिलेलं नाही.