एकाच बाजूनं बरं लागतंय

बुवांची गाडी तिसऱ्यांदा दुकानासमोर लागली, तसा माझ्या पोटात गोळा आला. कऱ्हाडात गाड्यांना टेप-स्पीकर बसवायचं काम मी सोळा वर्षं करतोय. बसवलेल्या मालाची तक्रार घेऊन तेच गिऱ्हाईक तीनदा आलंय, असं फारसं झालेलं नाही.

बुवा म्हणजे त्यांच्या गावच्या भजनी मंडळाचे पखवाजवाले. गाडी दोन वर्षांची, साधी हॅचबॅक. तिच्यात त्यांना भजनातला धुम, म्हणजे पखवाजाची कणीक लावलेली जाड आवाजाची बाजू, घुमायला हवी होती. कंपनीचा स्टिरिओ काढायचा नाही, ही पहिली अट. ती बरोबरच होती, रिव्हर्स कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं त्याच्यावरच चालतात. आता या स्टिरिओवर ‘4×50 वॅट’ छापलेलं असतं आणि लोक ते वेदवाक्य मानतात. गाडीच्या 14.4 व्होल्टवर 4 ओहमच्या स्पीकरला, आतला हिशेबच असा आहे, की 26 वॅटच्या वर स्वच्छ आवाज निघूच शकत नाही. निघतात त्यातले पंधरा-अठरा. शिवाय आवाज वाढवला, की स्पीकर फाटू नयेत म्हणून बरेच स्टिरिओ बास स्वतःच खाली ओढतात.

म्हणून मी बुवांना सीटखाली बसणारा आठ इंची सबवूफर, म्हणजे फक्त बास वाजवणारा स्पीकर दिला, आतच अ‍ॅम्प असलेला. काम चोख केलं होतं, हे आजही सांगतो. बॅटरीपासून 8 गेजची वायर, बॅटरीच्या वीतभर अंतरावर फ्यूज, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या, फायरवॉलच्या, भोकातल्या रबरी ग्रोमेटमधून आत. अर्थिंगसाठी सीटखालचा रंग खरवडून उघडा पत्रा काढला. पुष्कळजण सीटच्या बोल्टला वायर गुंडाळतात आणि मग गाणं बंद असताना घूं घूं आवाज येतो. सिग्नल स्टिरिओमागच्या कपलरवरून, म्हणजे वायरींच्या प्लगवरून घेतला, कंपनीची एकही वायर न कापता. वॉरंटीवाल्यांना बोट ठेवायला जागा नको.

पहिल्यांदा परत आले तेव्हा बुवा म्हणाले, “माउली, धप्प वाजतंय, पण घुमत नाही. धुमाला कणीक लावायची राहिल्यासारखं वाटतंय.” मी गेन, म्हणजे सबवूफरचा जोर वाढवला. दुसऱ्या खेपेला म्हणाले, “आता नंबरप्लेट वाजती. धुम कुठं वाजतोय?” मी सबवूफरचं फेजचं बटण, म्हणजे स्पीकरची पुढं-मागं हलायची दिशा उलटवणारं, 180 वर टाकलं, परत शून्यावर आणलं, काही फरक नाही. तेव्हा बुवा जाता जाता म्हणाले, “नातवानं मध्ये काहीतरी दाबलं होतं, सगळं गाणं उजव्या दारातनंच यायला लागलं. आवाज कमी झाला, पण धुम बरा लागला बघा.” मी हसलो. दुकानातल्या पोरानं माझ्याकडं बघून डोळा मारला, तेही मी चालवून घेतलं. म्हाताऱ्या माणसाचे कान, असंच मनात आलं. पखवाज सुरात लावणाऱ्या माणसाचे कान!

तिसऱ्या खेपेला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं, म्हणून बॅलन्स, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरांत आवाज वाटायची सेटिंग, पूर्ण उजवीकडं नेला. निम्मे स्पीकर बंद, आणि बास वाढला. माझ्या कानशिलात बसल्यासारखं झालं. दोन दारांतले स्पीकर एकमेकांविरुद्ध चालले, एक पुढं ढकलत असताना दुसरा मागं ओढत असला, की खालचा आवाज हवेतच मरतो. 80 हर्ट्‌झची एक लाट चार मीटरच्या वर लांब असते. गाडीच्या रुंदीत दोन्ही स्पीकर तिला जवळजवळ एकाच जागी असतात. सबवूफरची फेज कितीही फिरवा, एक दार कायम विरोधातच राहणार.

डाव्या दाराचं पॅड उघडलं. तीन क्लिपा गायब होत्या. स्पीकरचा कपलर कापून काळ्या टेपनं वायरी जोडलेल्या. बुवांना विचारलं तर म्हणाले, “दाराला धडक बसली होती, डेंटिंगला दिली होती.” दीड व्होल्टचा पेन्सिल सेल गाडीकडून येणाऱ्या वायरींना लावला, प्लसला प्लस. स्पीकरचा हलणारा शंकू बाहेर यायला हवा, आत गेला. वायरी उलट्या. वर दाराच्या आतला प्लास्टिकचा पडदा अर्धा फाटून लोंबत होता, म्हणजे स्पीकरच्या मागची हवा भोकांतून पुढं येऊन उरलासुरला बासही खात होती. डेंटिंगवाल्यांना पत्रा सरळ झाला की काम संपलं. पण त्यांना काय बोलू? सबवूफर विकायच्या आधी बॅलन्स एकदा डावा-उजवा करायला मला अर्धा मिनिट लागलं असतं.

वायरी सरळ केल्या, नवा पडदा ब्युटाइलच्या चिकट रबरानं चिकटवला, क्लिपा घातल्या. बुवांनी मोबाइलवर त्यांच्याच मंडळाचं भजन लावलं, मांडीवर ठेका धरला. बोलले काहीच नाहीत. मग सबवूफरचा नॉब पूर्ण शून्यावर आणला आणि अख्खा अभंग तसाच ऐकला. शेवटी नॉब थोडासा, नखाएवढा वर नेला. “एवढा असू दे, माउली.”

त्या दिवसाची मजुरी मी घेतली नाही. सबवूफरचे साडेनऊ हजार त्यांनी मागितले नाहीत, आणि मीही विषय काढला नाही.