चोर्ल्याच्या वाटेवरची डबकी

बेळगावहून गोव्याच्या रस्त्यानं निघालं की जांबोटीनंतर झाडी दाटत जाते आणि कणकुंबीच्या पुढं मधूनच आभाळ मोकळं होतं. तिथं जांभ्याचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी सपाट पठारं, लागतात. कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाशी माउली देवीच्या पाया पडून मी सड्यावर चढलो. गणपती नुकतेच गेले होते, पाऊस भुरभुरत होता.

या रस्त्याला लोक धबधब्यांसाठी येतात. मी डबक्यांसाठी आलो होतो. सड्याच्या खोलगट भागात पावसाळ्यात पाणी साठतं, थंडीत आटतं, उन्हाळ्यात तापलेला कातळ आणि भेगाळलेला चिखल उरतो. पाणी आहे तेवढ्या अवधीत इथल्या झाडांनी रुजायचं, फुलायचं आणि बी धरायचं.

पहिल्या डबक्यात म्हशी डुंबत होत्या. काठ पार तुडवलेला. तरी खुरांच्या खळग्यांतून गेंदाची पांढरी बोंडं वर आलेली, आणि त्यांच्यात निळीजांभळी सीतेची आसवं. या झाडाला मुळं नसतात, पाण्यातले सूक्ष्म जीव ते इवल्याशा पिशव्यांत पकडतं.

"काय हुडकालाय वो?" म्हशींमागच्या मावशींनी विचारलं.

"फुलं बघतोय. म्हशी तुडवतात तरी येतात?"

"दरवर्षी तुडवत्यात, दरवर्षी येत्यात."

यामागं बियांचा साठा असतो. डबक्यातल्या चिखलात अनेक वर्षांचं बी पडून असतं, आणि एका पावसात ते सगळं उगवत नाही. काही रुजतं, बाकीचं पुढच्या सालांसाठी थांबतं, म्हणून एखाद्या वर्षी पावसानं दगा दिला तरी जात टिकते. चार पानांच्या पाणनेचाचे बीजाणूंचे कठीण गोळे तर कोरडे पडूनही कित्येक दशकं जिवंत राहतात. धुळीसारख्या बारीक बियांना रुजायला बहुधा उजेड लागतो. खोल गाडलेलं बी तसंच पडून असतं, आणि खुरांनी चिखल उलटला की त्यातलं थोडं वर येतं. बेतानं तुडवणं डबक्याला सोसतं, कधी उपयोगीही पडतं.

दुसरं डबकं रस्त्याला लागून. मागच्या उन्हाळ्यात तिथला गाळ जेसीबीनं कातळापर्यंत खरवडून नेला होता. पाणी नितळ, म्हशी नाहीत, आणि तळाला शेवाळाशिवाय काही नाही. मला फार वाईट वाटलं. चिखलाबरोबर बी गेलं, कंद गेले, रुजायला मातीही राहिली नाही. फक्त एका कोपऱ्यात, वरच्या अंगाचं पाणी जिथून उतरतं तिथं, बोटभर गाळ साचला होता आणि त्यात लव्हाळ्याचे चार कोंब होते. आता बी येणार ते वाहत्या पाण्याबरोबर, गुरांच्या खुरांना आणि पाणपक्ष्यांच्या पायांना चिकटून. आधी गाळ, मग लव्हाळे, मग बाकीची झाडं. तुडवलेलं डबकं एक-दोन पावसांत सावरतं, खरवडलेल्याला किती वर्षं लागतील ते वरच्या अंगाला धड डबकी उरलीत का यावर ठरतं.

परतताना जांबोटीत चहा घेताना ओळखीच्या शेतकऱ्यांपाशी विषय काढला. गुरांच्या पाण्यासाठी डबकं खोल करणं त्यांना भागच असतं. मी एवढंच म्हटलं, की एका साली अर्ध्याच डबक्याचा गाळ काढा आणि वरचा वीतभर थर आधी बाजूला ठेवून काम झाल्यावर परत पसरा. एकानं लगेच विचारलं, ओला पसरायचा की वाळलेला? वाळलेलाच, मी म्हटलं, पावसाआधी.