सूर्य ग्रहणातच बुडाला, आणि मी उपाशी

विदर्भात दिवाळीला जरूर जा, पण पंचांग बघून जा. 2022 साली लक्ष्मीपूजन 24 ऑक्टोबरला होतं, पाडवा 26ला. मधला अख्खा दिवस ग्रहणाने खाल्ला, आणि नेमकी त्याच दिवशी मी दारव्ह्याकडच्या एका खेड्यात, मैत्रिणीच्या माहेरी होते. नागपूर ते यवतमाळ आणि पुढचा एसटीचा प्रवास विसरायचं ठरवलंय. दुसऱ्याच्या फराळाचा पत्र्याचा डबा माझ्या मांडीवर होता, एवढंच सांगते.

घरात पहिल्या वेच्याचा कापूस छताला टेकलेला, ओट्यावर सोयाबीनची पोती, आणि चूल सकाळपासून बंद. पाण्याचा माठ, लोणच्याची बरणी, दुधाचं पातेलं, सगळ्यावर तुळशीचं पान. चहाचं नाव काढलं तर मैत्रिणीची आजी म्हणाली, "तू ना म्हातारी, ना बिमार. तुले कायची चाय?" पाहुण्याला असं उपाशी ठेवणं मला अजिबात पटलं नाही. पण आजी स्वतःही सकाळपासून पाण्याशिवाय होती, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

पावणेपाचनंतर ग्रहण लागलं. गाव दारं लावून आत. नागपूरहून आणलेले ग्रहणाचे चश्मे घेऊन मी गच्चीवर गेले, तर मैत्रिणीचा धाकटा भाऊ आधीच वर. तो शेतमोजणीचं काम करतो, रोव्हर, म्हणजे उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा मोजणारं यंत्र, खांद्यावर घेऊन बांधाबांधाने फिरतो. त्याची तक्रार वेगळीच होती. "ताई, भर दुपारी कधी कधी फिक्सच, म्हंजे जागेचा पक्का आकडाच, भेटत नाई. आभाळ साफ, झाड नाई, तरी आकडा नाचते."

त्याला म्हटलं, आकडा नाचतो तो वरच्या आभाळामुळे. साधारण 80 किलोमीटरच्या वर उन्हाने हवेतले इलेक्ट्रॉन सुटे होतात. उपग्रहाचा सिग्नल त्या थरातून येताना रेंगाळतो आणि दुपारनंतर तो थर सगळ्यात दाट असतो. ग्रहणात ऊन घटलं की इलेक्ट्रॉन पुन्हा जोडले जातात आणि थर विरळ होतो. पण खरी गंमत चंद्राच्या सावलीच्या पळण्यात आहे. खालच्या ओझोनच्या थराला अतिनील किरण मिळेनासे होतात, तिथली हवा अचानक गार पडते, तोल जातो. खाली आलेली हवा परत वर उसळते, जास्त उसळते, पुन्हा खाली येते. ही वरखाली लहर वर वर चढत जाते आणि हवा जितकी विरळ तितकी ती मोठी होते.

"आन् सावली पळते किती?"

2017च्या अमेरिकेतल्या खग्रास ग्रहणात ती ताशी 2,300 किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने पळाली, म्हणजे आवाजाच्याही पुढे. वेगात जाणाऱ्या नावेच्या टोकापाशी पाणी पाचरीसारखं उठतं, तशी लहर वर उठणार, असं चिमोनास आणि हाइन्स या शास्त्रज्ञांनी 1970मध्येच मांडलं होतं. ती 2017ला एमआयटीच्या हेस्टॅक वेधशाळेतल्या लोकांना स्पष्ट दिसली, आणि तीही जमिनीवरच्या जीपीएस रिसीव्हरांच्या नोंदींतून.

"म्हंजे माह्या रोव्हरसारख्याच?"

तसल्याच. गडी एकदम ताठ बसला. लगेच रोव्हर काढतो म्हणाला, पण आजीने खालूनच हाक घातली. तसंही त्या दिवशी चंद्राची गडद सावली पृथ्वीवर पडलीच नव्हती. सगळीकडे खंडग्रास, सर्वांत मोठा घास रशियात. त्यात आपल्याकडे सूर्य मावळतीला. संध्याकाळी हा थर एरवीही ढळतोच, मग ग्रहणाचं किती आणि सांजेचं किती हे एका रोव्हरवरून कोण सांगणार! 2010मध्ये कंकणाकृती ग्रहण भर दुपारी केरळवर आलं, तेव्हा इस्रोने थुंब्याहून रॉकेटंच सोडली होती.

तेवढ्यात सूर्य तसाच, कोर तुटलेला, तुरीच्या पट्ट्यामागे गेला. आणि खाली नवा वाद. कॅलेंडरात मोक्ष साडेसहाच्या सुमारास, पण आजीचं म्हणणं, ग्रहण घेऊन बुडाला तर उद्या शुद्ध बिंब दिसल्यावरच अन्न. शेवटी काकूंनी तोडगा काढला: आजीचं आजीपाशी, बाकीच्यांनी आंघोळी करून जेवावं. रात्री थंड पाण्याने डोक्यावरून आंघोळ! नंतरचं गरम बेसन, ज्वारीची भाकर आणि ठेचा यांनी मात्र सगळा राग उतरवला. दुसऱ्या दिवशी गायगोधन पाहिलं आणि निघाले.

एप्रिल 2024च्या ग्रहणात नासाने व्हर्जिनियातल्या वॉलॉप्सहून तीन रॉकेटं सोडली, एक आधी, एक ऐन ग्रहणात, एक नंतर. मोहिमेचे प्रमुख आरोह बडजात्या. बातमी वाचून मी त्या भावाला फोन केला आणि मोहिमेचं नावही सांगितलं: एपेप, इजिप्तच्या पुराणात सूर्याच्या मागे लागणारा साप. फोन स्पीकरवर होता. मागून आजी म्हणाली, "मंग आमच्या राहूले कायले हासत होते?"